फाइल ‘डिलीट’ केली, पण ती खरेच गेली का? संवेदनशील कागदपत्रे मागे काही न ठेवता कशी हाताळावीत?

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. धाकट्या बहिणीचा प्रवेश अर्ज भरायचा होता आणि उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ संकेतस्थळाने ठरवून दिलेल्या आकारापेक्षा मोठी भरत होती. घरचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला. म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. ‘दादा, व्हॉट्सॲपवर पाठवा,’ दुकानातला मुलगा म्हणाला. पाठवली. त्याने ती संगणकावर उतरवून घेतली, एका मोफत संकेतस्थळावर चढवून लहान केली, पुन्हा उतरवली, एक प्रिंट काढून दिली. इंजिनीअर असल्याच्या तोऱ्यात मी त्याला म्हटले, ‘जरा माऊस दे.’ ‘डाउनलोड्स’मधल्या दोन्ही फाइल उडवल्या, रिसायकल बिनही रिकामी केली आणि निश्चिंत झालो.

तेवढ्यात त्याने पुढच्या ग्राहकासाठी पीडीएफ रीडर उघडला. ‘अलीकडील फाइल’च्या यादीत सर्वांत वर बहिणीचे पूर्ण नाव. त्याखाली सकाळपासून येऊन गेलेल्यांची नावे. कुणाचे पॅन, कुणाचा सातबारा, कुणाचा तपासणी अहवाल.

घरी येताना हिशेब मांडला. माझ्या फोनमधली मूळ फाइल, व्हॉट्सॲपने पाठवताना ठेवलेली प्रत, दुकानाच्या व्हॉट्सॲप खात्यातली प्रत, संगणकावर उतरवलेली प्रत, मोफत संकेतस्थळाच्या सर्व्हरवर गेलेली प्रत, लहान करून उतरवलेली प्रत आणि प्रिंटरकडे जाताना तयार झालेली तात्पुरती प्रत. एका दाखल्याच्या सात प्रती. त्यातल्या मी दोन ‘डिलीट’ केल्या होत्या. आणि त्या दोन तरी खरेच गेल्या होत्या का?

‘यूआयडीएआय’ने काय सुचवले होते?

हा प्रश्न सरकारी पातळीवरही एकदा येऊन गेला आहे. आधार कार्डाचे काम पाहणाऱ्या ‘यूआयडीएआय’च्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक पत्रक काढले. आधारची छायाप्रत सरसकट कुणालाही देऊ नका, त्याऐवजी केवळ शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ वापरा, असे त्यात म्हटले होते. त्याच पत्रकात आणखी एक सूचना होती. सायबर कॅफेतल्या सार्वजनिक संगणकावरून ई-आधार उतरवणे टाळा आणि उतरवलेच तर त्याच्या सर्व प्रती त्या संगणकावरून कायमच्या काढून टाका.

पत्रकावरून गदारोळ झाला. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो, असे कारण देत २९ मे रोजी केंद्र सरकारने ते मागे घेतले. नागरिकांनी आधार क्रमांक वापरताना नेहमीची सावधगिरी बाळगावी, एवढेच सांगण्यात आले. या गोंधळात मूळ मुद्दा बाजूला पडला. दुसऱ्याच्या संगणकावरून एखादी फाइल ‘कायमची’ काढून टाकणे सामान्य माणसाला शक्य तरी आहे का?

फाइल डिलीट केल्यावर नेमके काय होते?

संगणकाची डिस्क म्हणजे मोठे ग्रंथालय समजा. फाइल कुठे ठेवली आहे, याची नोंद एका सूचीत असते. आपण डिलीट करतो तेव्हा संगणक सूचीतली नोंद काढतो आणि ‘ही जागा आता मोकळी’ असे लिहून ठेवतो. पुस्तक मात्र फडताळात तसेच राहते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत डेटा परत मिळवता येतो. डेटा रिकव्हरीची मोफत सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतात. लग्नाचे फोटो चुकून उडाले की आपण ज्याचे आभार मानतो, तेच तंत्र आपला दाखला दुसऱ्याच्या हाती देऊ शकते.

हे किती गंभीर असू शकते, याचे जुने पण बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि त्यांत काय उरले आहे ते तपासले. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या डिस्कवर पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी आणि खासगी ई-मेल सापडले. डिस्क विकणाऱ्या अनेकांनी आपण सगळे पुसले आहे, असेच धरले होते.

नुसती उघडून थोडा बदल केला, तरी प्रती राहतात?

हो, आणि बहुतेकांना हेच ठाऊक नसते. फाइल मुद्दाम ‘सेव्ह’ केली नाही तरी संगणक आपल्या परीने ती जपून ठेवत असतो. यामागे वाईट हेतू नाही. मध्येच वीज गेली तर तासाभराचे टायपिंग वाया जाऊ नये, यासाठी ही सोय आहे. पण हीच सोय आपला माग ठेवते. एक संवेदनशील फाइल उघडून बदलली, की साधारणपणे पुढील ठिकाणी तिचे अवशेष राहू शकतात.

• ऑटोरिकव्हर : मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिब्रेऑफिस ठरावीक वेळाने मजकुराची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. नेहमीची मुदत दहा मिनिटांची असते. ‘सेव्ह’ न करता बंद केलेल्या फाइलसाठीही वर्डमध्ये स्वतंत्र फोल्डर असते.

• तात्पुरत्या फाइल : काम चालू असताना सॉफ्टवेअर लपलेल्या तात्पुरत्या फाइल बनवते. काम नीट संपले की त्या काढल्या जातात. संगणक मध्येच बंद पडला तर तशाच राहू शकतात. प्रोग्रामर मंडळींच्या आवडत्या ‘विम’ या संपादकाचीही हीच गत. तोही मूळ फाइलशेजारी ‘स्वॅप’ फाइल तयार करतो.

• अलीकडील फाइलची यादी आणि लघुचित्रे : फाइल गेली तरी तिचे नाव यादीत राहते. फोटोंच्या छोट्या प्रतिमा वेगळ्या साठ्यात राहतात.

• पेजफाइल : रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मृती, अपुरी पडली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवरच्या ‘पेजफाइल’मध्ये हलवते. लिनक्समध्ये यालाच ‘स्वॅप’ म्हणतात. उघड्या फाइलमधला मजकूर अशा रीतीने नकळत डिस्कवर उतरू शकतो.

• हायबरनेट : संगणक ‘हायबरनेट’ केला की रॅममधला चालू कामाचा मजकूर एका मोठ्या फाइलमध्ये लिहिला जातो.

• प्रिंटची रांग : प्रिंट देताना दस्तऐवज आधी ‘स्पूल’ फोल्डरमध्ये जातो. छपाई झाल्यावर तो काढला जातो. पण छापलेले दस्तऐवज राखून ठेवण्याचा पर्याय सुरू असेल, तर तो तिथेच राहतो.

म्हणजे डोळ्यांना दिसणारी फाइल ही अनेक प्रतींपैकी एक असते आणि आपण नेमकी तेवढीच पुसतो.

झेरॉक्स यंत्रातही फाइल राहते का?

अनेक मोठ्या डिजिटल यंत्रांत हार्ड डिस्क असते. छायाप्रत, स्कॅन किंवा प्रिंट काढताना पानाची प्रतिमा तीवर साठवली जाऊ शकते. अमेरिकेतल्या ‘ॲफिनिटी हेल्थ प्लॅन’ या आरोग्य विमा संस्थेला हे महागात पडले. भाड्याने घेतलेली फोटोकॉपी यंत्रे तिने परत केली, पण त्यांतल्या हार्ड डिस्क पुसल्या नाहीत. त्यातले एक यंत्र पुढे एका वृत्तवाहिनीच्या हाती लागले आणि त्यात रुग्णांची माहिती निघाली. सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांच्या माहितीचा प्रश्न होता. २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवावे लागले. अनेक नव्या यंत्रांत डेटा एन्क्रिप्ट करण्याची किंवा आपोआप पुसण्याची सोय असते. दुकानातल्या यंत्रात ती सुरू आहे का, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो.

वरून दुसरे काही लिहून फाइल पुसता येत नाही का?

जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर हा उपाय बऱ्याच अंशी चालत असे. फाइल जिथे आहे, नेमक्या त्याच जागेवर निरर्थक माहिती लिहायची, की मूळ मजकूर संपला. पाटी पुसून पुन्हा लिहिण्यासारखे. ‘श्रेडर’ नावाने मिळणारी सॉफ्टवेअर हेच करतात.

आता मात्र बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि फोनची साठवणही फ्लॅश मेमरीच. फ्लॅशचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. एकच कप्पा लवकर झिजू नये म्हणून आतला नियंत्रक प्रत्येक नवे लेखन वेगळ्या कप्प्यात करतो. म्हणजे ही पाटी नाही, वही आहे. दुरुस्ती सांगितली की जुने पान तसेच ठेवून नव्या पानावर लिहिणाऱ्या कारकुनासारखा हा कारभार. तुम्ही ‘यावर लिही’ म्हणता, तो ‘लिहिले’ म्हणतो, पण जुने पान आतच कुठेतरी राहते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासून दाखवले. हार्ड डिस्कवरची एकेक फाइल पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एकही एसएसडीवर परिणामकारक ठरली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आजच्या संगणकांत ‘ट्रिम’ नावाची सोय असते. फाइल उडवली की तो भाग आता लागणार नाही, असे ती एसएसडीला कळवते. त्यामुळे रिकव्हरी पुष्कळ अवघड होते. तरी प्रत्यक्ष कप्पा कधी पुसायचा हे एसएसडीच ठरवते. त्याची खात्री आपल्याला देता येत नाही.

इथे या सगळ्या प्रकरणाचे सूत्र सापडते. ‘काम झाल्यावर पुसू’ हा बेभरवशाचा मार्ग आहे. निर्णय फाइल उघडण्याआधी घ्यावा लागतो. तो दोन प्रकारे घेता येतो. एक तर फाइल डिस्कवर उतरूच द्यायची नाही, किंवा जे काही उतरेल ते कुलूपबंदच उतरेल अशी व्यवस्था करायची.

फाइल डिस्कवर उतरूच न देता काम करता येते?

येते. रॅमला वीज असेपर्यंतच लक्षात राहते. त्यामुळे रॅमचाच एक तुकडा ड्राइव्हसारखा वापरायचा, फाइल तिथेच ठेवायची आणि तिथेच बदलायची. याला ‘रॅम डिस्क’ म्हणतात. लिनक्समध्ये ‘टीएमपीएफएस’ ही सोय अंगभूत असते, विंडोजसाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. संगणक बंद झाला की ड्राइव्हच नाहीसा.

पण यात एक गोम आहे. फाइल रॅम डिस्कमध्ये असली, तरी ती उघडणारे वर्ड आपली ऑटोरिकव्हर प्रत मूळ डिस्कवरच ठेवेल. रॅम भरली तर मजकूर पेजफाइलमध्ये जाईल. पुढचा दरवाजा लावला आणि मागचा उघडा राहिला, असे होते.

म्हणूनच ज्यांना खरी जोखीम आहे, ते अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच रॅममधून चालवतात. ‘टेल्स’ ही त्यासाठीची प्रसिद्ध मोफत प्रणाली. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती बसते. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, की आतल्या डिस्कला न वापरता सगळे काम रॅममध्ये चालते. त्यात लिब्रेऑफिस असते, त्यामुळे दस्तऐवज तिथेच उघडून बदलता येतात. बंद करताना ती रॅमही पुसते. काही जपून ठेवायचे असेल तर पेन ड्राइव्हवरच एन्क्रिप्टेड कप्पा करता येतो. एडवर्ड स्नोडेन प्रकरणात काम करणाऱ्या पत्रकारांनी ‘टेल्स’ वापरली होती. २०२४ मध्ये हा प्रकल्प ‘टोर प्रोजेक्ट’मध्ये विलीन झाला.

रॅम तरी वीज जाताच कोरी होते का? अगदी त्याच क्षणी नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की वीज बंद झाल्यावरही रॅममधला डेटा काही सेकंद टिकतो आणि चिप थंड केली तर त्याहून बराच जास्त वेळ. पण त्यासाठी हल्लेखोर त्याच वेळी यंत्राजवळ असावा लागतो. झेरॉक्सच्या दुकानात ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

रोजच्या कामासाठी सोपा मार्ग कोणता?

टेल्स प्रत्येकासाठी नाही. पगारपत्रके हाताळणारा एचआर कर्मचारी, अशिलांची कागदपत्रे घरी आणणारे वकील, रुग्णांचे अहवाल लिहिणारे डॉक्टर किंवा विवरणपत्रे भरणारे सीए यांच्यासाठी दुसरा मार्ग व्यवहार्य आहे. तो म्हणजे पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे.

यात डिस्कवर जाणारा प्रत्येक शब्द आधी कुलूपबंद होतो. मूळ फाइल, ऑटोरिकव्हर प्रत, तात्पुरत्या फाइल, पेजफाइल, सगळे काही. अवशेष राहतात, पण किल्लीशिवाय ते वाचता येत नाहीत. लॅपटॉप चोरीला गेला, दुरुस्तीला दिला किंवा विकला, तरी डिस्क काढून कुणी वाचू पाहील तर त्याच्या हाती निरर्थक अंक लागतील. विकण्याआधी किल्लीच नष्ट केली, की अख्खी डिस्क एका झटक्यात निकामी माहितीचा ढीग होते. एसएसडीवर एकेक फाइल पुसता येत नाही, या अडचणीवरचा हा सर्वांत सरळ तोडगा आहे.

विंडोजमध्ये यासाठी ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, ॲपलच्या मॅकमध्ये ‘फाइलव्हॉल्ट’ आणि लिनक्समध्ये ‘लक्स’ आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ते सुरू आहे का पाहा. सुरू केल्यावर मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी किल्ली सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवा. ती हरवली आणि गरज पडली, तर तुमचा डेटा तुम्हालाही मिळणार नाही.

फक्त काही फाइलपुरते कुलूप हवे असेल, तर ‘व्हेराक्रिप्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर एक बंद तिजोरी बनवून देते. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. पण वर्डच्या तात्पुरत्या प्रती तिजोरीबाहेर पडू शकतात. म्हणून तिजोरीसोबत पूर्ण डिस्कचे कुलूप असलेले बरे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. लॅपटॉप चालू आणि अनलॉक असेल, तर समोर बसलेल्या माणसाला सगळे दिसते. जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करण्याची सवय म्हणूनच महत्त्वाची. आणि दुकानातला संगणक एन्क्रिप्टेड असला, तरी त्याची किल्ली दुकानदाराकडेच असते.

ब्राउझरमध्येच काम केले तर?

गूगल डॉक्ससारख्या सेवेत फाइल कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तिथेच बदलते. समोरच्या संगणकावर वेगळी फाइल उतरवावी लागत नाही, हा फायदा खरा. पण ब्राउझर वेग वाढवण्यासाठी काही भाग स्वतःच्या साठ्यात ठेवतो. ‘ऑफलाइन’ पर्याय सुरू असेल तर दस्तऐवजही संगणकावर राहतो. शिवाय विश्वासाचा प्रश्न संपत नाही, तो दुकानदाराकडून कंपनीकडे जातो.

‘इन्कॉग्निटो’बद्दल मोठा गैरसमज आहे. खिडकी बंद केल्यावर तो इतिहास आणि कुकीज ठेवत नाही. तुम्ही उतरवलेली फाइल मात्र ‘डाउनलोड्स’मध्ये जशीच्या तशी राहते. ती काढण्याचे काम तुमचेच.

पीडीएफ लहान करून देणाऱ्या मोफत संकेतस्थळांवर बहुतेक वेळा फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढते. काही संकेतस्थळे थोड्या वेळाने ती काढून टाकण्याचे आश्वासन देतात. ते पाळले गेले का, हे तपासण्याचे साधन आपल्याकडे नसते. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे विवरण किंवा वैद्यकीय अहवाल यांसाठी हा मार्ग टाळलेलाच बरा.

मग फोनवरच केले तर?

बहुतेक वाचकांसाठी हेच सर्वांत चांगले उत्तर आहे. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनसाठी साठवण एन्क्रिप्ट करणे बंधनकारक आहे आणि आयफोनमध्ये ते आधीपासूनच आहे. म्हणजे पूर्ण डिस्कचे जे कुलूप लॅपटॉपवर मुद्दाम लावावे लागते, ते तुमच्या खिशातल्या फोनला बहुधा लागलेलेच आहे. अट एकच. स्क्रीन लॉक भक्कम असावा. १२३४ किंवा जन्मवर्ष ठेवले, तर कुलूप असून नसल्यासारखे.

फोटो कापणे, त्याचा आकार कमी करणे, अनेक पाने एका पीडीएफमध्ये आणणे ही कामे फोनवर होतात. ‘स्कॅन’ आणि ‘प्रिंट’च्या पर्यायातून पीडीएफ बनते. कागदपत्र डिजिलॉकरमध्ये उपलब्ध असेल, तर त्याची छायाप्रत फिरवण्याची गरजच अनेकदा उरत नाही.

फोनवरही दोन गोष्टी पाहा. उडवलेला फोटो लगेच जात नाही. आयफोनमध्ये तो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवसांपर्यंत राहतो, गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला असेल तर ‘ट्रॅश’मध्ये ६० दिवस. तिथूनही काढावा लागतो. दुसरे, आधार क्रमांकावर बोटाने काळी रेघ ओढून फोटो पाठवण्याची सवय. हायलायटरची रेघ अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की खालचे अंक दिसू शकतात. पीडीएफमध्ये वरून काळा चौकोन ठेवला, तर खालचा मजकूर अनेकदा तसाच राहतो आणि कॉपी करता येतो. २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या छायाचित्र संपादकात अशी त्रुटी सापडली, की कापून टाकलेल्या स्क्रीनशॉटचा उरलेला भाग त्याच फाइलमध्ये शिल्लक राहत होता. ती नंतर दुरुस्त झाली, पण आधी पाठवलेले फोटो पाठवलेच गेले होते. अंक झाकायचेच असतील, तर ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेणे हा भरवशाचा मार्ग.

दुकानात जावेच लागले तर काय करावे?

प्रिंट हवी असते, स्कॅनर घरी नसतो, कधी फोनवर संकेतस्थळ नीट चालत नाही. दुकान टळत नाही. अशा वेळी धोका शून्य होणार नाही, कमी नक्की होईल.

• फाइल घरीच, फोनवर तयार करा. दुकानात फक्त प्रिंटपुरती न्या. संपादन जितके कमी, तितक्या प्रती कमी.

• फाइलच्या नावात पूर्ण नाव, आधार किंवा पॅन क्रमांक टाकू नका. ‘दाखला-१’ पुरेसे आहे. फाइल गेली तरी यादीत नाव राहते, हे आपण पाहिले.

• ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, तो काढून साधी प्रत बनवू नका. मात्र हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला तो सहज सुचेल, म्हणून त्यावर फार विसंबू नका. दुकानात ‘मास्क्ड’ प्रतच न्या.

• स्वतःचे ई-मेल किंवा ड्राइव्ह उघडायचे असेल, तर ब्राउझरमधला ‘गेस्ट’ पर्याय वापरा. पासवर्ड ‘सेव्ह’ करू नका, निघताना लॉग-आउट करा.

• काम झाल्यावर ‘डाउनलोड्स’, रिसायकल बिन, अलीकडील फाइलची यादी आणि प्रिंटची रांग, या चारही ठिकाणी एकदा नजर टाका. व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. त्यासाठी सुमारे अडीच दिवसांची मुदत असते. पण त्याने संगणकावर उतरवलेली प्रत जात नाही, ती वेगळी काढावी लागते.

• बिघडलेली प्रिंट टाकून येऊ नका, सोबत आणा. सगळ्यात सोपी गळती कागदाचीच असते.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांचा डेटा हाताळणाऱ्यांनी तो सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय योजले पाहिजेत आणि हेतू पूर्ण झाल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे बंधनकारक नसेल तर, तो काढून टाकला पाहिजे, असे या कायद्यात म्हटले आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. स्वतःच्या घरगुती कामासाठी डेटा हाताळणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू होत नाही. कार्यालये, कंपन्या, दवाखाने आणि शिक्षणसंस्थांना मात्र ‘काढून टाकणे’ म्हणजे रिसायकल बिन रिकामी करणे नव्हे, हे आता समजून घ्यावे लागेल.

थोडक्यात...

फाइल पुसणे अवघड आहे, कारण ती कुठे कुठे उतरली हे आपल्याला ठाऊकच नसते. त्यामुळे संवेदनशील काहीही उघडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे यंत्र कुणाचे आहे? त्याच्या डिस्कला कुलूप आहे का आणि किल्ली कुणाकडे आहे? हेच काम माझ्या फोनवर होणार नाही का?

यंदा बहिणीचा नॉन-क्रीमीलेयर दाखला अपलोड करायचा होता. पीडीएफ पुन्हा मोठी भरली. या वेळी तिनेच फोनवर ती लहान केली, नाव ‘दाखला-२’ ठेवले आणि अर्ज भरून टाकला. दुकानात गेलो ते फक्त एका प्रिंटसाठी. निघताना मुलाला म्हटले, ‘ती यादी पुसून टाक ना.’ त्याने यादी उघडून पाहिली. ‘दादा, एवढी नावं?’ तो म्हणाला. त्यालाही हे कुणी सांगितले नव्हते. त्याने ‘क्लिअर’ दाबले आणि पुढच्या ग्राहकाची फाइल उघडली. यादीत पुन्हा एक नाव आले.